वरण शिजेस्तोवर

आमच्या ओट्यावर बसलेल्या माणसाकडे नुसतं बघून त्याला काय चावलंय हे मला शाळेत नाव घालायच्या आधीपासून कळायचं. गांधीलमाशी चावलेला माणूस शिव्या देत यायचा. मधमाशी चावलेला दुखरी जागा दुसऱ्या हातानं गच्च दाबून यायचा, आणि तो हात आधी सोडवावा लागायचा. मुंगळा डसलेली लेकरं रडत यायची आणि गुळाचा खडा दिसला की गप्प व्हायची. विंचू चावलेला मात्र बोलत नसे, आणि त्याला मोठी माय ओट्यावर बसवूनही घेत नसे. हात हलवू नको, पायी चालू नको म्हणायची आणि दारात बैलगाडी असो की कुणाची फटफटी, त्याला तिच्यावर घालून रेणापूरच्या दवाखान्याकडं पिटाळायची. "हे माझं न्हाई," एवढंच म्हणायची. गावात विंचू उतरवणारे दोघंजण होते. ते तिच्यावर कायमचे खार खाऊन असत.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. रेणापूरपासून दोन-अडीच कोसांवर आमचं गाव, घरची शेती, एकत्र चूल. माझी आई शेतात असायची आणि घर मोठ्या मायच्या ताब्यात. तिला मूलबाळ नव्हतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं, कारण आम्ही सगळी भावंडं तिचीच असल्यासारखी तिचा मार खायचो. उंच, सडसडीत बाई. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या म्हशीनं मान वळवावी. तिचं माहेर उदगीरकडचं, वडील शेतकरीच, पण मधाचं मोहळ काढण्यात पटाईत. त्यामुळे चावणाऱ्या-डसणाऱ्या जातीशी तिची ओळख पाळण्यापासूनची. ती त्यांना कधी वाईट बोलायची नाही. "आपण त्येंच्या वाटंत आलो, त्ये कुठं आपल्या वाटंत आले," म्हणायची आणि वर आम्हालाच रागवायची.

चावल्यावरचा उपाय लोकांना दिसायचा. चावू नये म्हणून ती दिवसभर काय काय करते ते फक्त आम्हाला ठाऊक, कारण ते आमच्याकडून करून घेतलं जायचं. दिवस मावळायला लागला की गोठ्यात निंबाच्या ओल्या पाल्याची धुरी. डोळ्यांतून पाणी काढणारा तो कडवट वास आजही कुठे आला तर मला आधी भूक लागते, कारण धुरीनंतर लगेच भाकरी टाकल्या जायच्या आणि त्यांचा थापण्याचा आवाज धुरातून यायचा. जाळीच्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत. ते पाणी रोज बदलायचं, नाहीतर मुंग्या चुकवता चुकवता डास पाळायचो. सरपण भिंतीला लावून रचायचं नाही, आणि ओढताना आधी काठीनं ठोकायचं. चप्पल घालण्याआधी आपटायची. दर आठ-पंधरा दिवसांनी बाजा उन्हात काढून त्यांच्या सुंभावर उकळतं पाणी ओतायचं आणि ढेकूण कसे बाहेर पडतात हे बघायला आम्ही ओणवे व्हायचो. मी पुढं तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली निम्मी इस्लापूरकडच्या खेड्यांत. तिथं घरोघर फिरून मी जे सांगायचे त्यातलं बरंचसं सरकारी पुस्तकात होतं हे खरं, पण मला ते पुस्तक वाचायची गरज कधी पडली नाही.

आता ओट्यावरची गोष्ट. मधमाशी असो की गांधीलमाशी, मोठ्या मायचे प्रश्न तीनच. काय चावलं? कुठं चावलं? आन् आधी कधी चावलं व्हतं तवा काय झालं? तिसऱ्या प्रश्नाचा लोकांना कंटाळा यायचा. मधमाशीचा काटा रुतलेला असला तर ती चिमटीत धरून ओढायची नाही. अंगठ्याचं नख आडवं धरून झटकन खरवडायची. मग साबणानं जागा धुवायची, रांजणातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवायची. चुना लावू द्यायची नाही. कुणी घरून चुना फासून आला तर आधी त्याची हजेरी घ्यायची, "माशीनं चावलं ते मी बगते, चुन्यानं भाजलं ते कोण बगणार?" शेवटी देवापुढची चिमूटभर हळद लावायची. मी एकदा विचारलं, हळदीनं काय होतं? म्हणाली, "काय न्हाई. पर ती लावल्याबिगर माणूस ओट्यावर बसत न्हाई."

आणि तिला ते बसणंच हवं असायचं. चुलीवर तुरीचं वरण शिजायला ठेवलेलं असायचं, नसलं तर ठेवलं जायचं, आणि ते शिजेस्तोवर आलेल्यानं ओट्यावरून हलायचं नाही. गावात समज असा की तेवढ्या वेळात हळदीचा गुण उतरतो. मोठी माय कोपऱ्यात बसून शेंगा फोडायची आणि अधूनमधून मान वर करून त्या माणसाकडं बघायची. डाळ मऊ झाली, चुलीवरून घोटायचा आवाज आला, की म्हणायची, "बरा हाईस. जा आता." बाई असली तर, "बरी हाईस. जा." त्यानंतरचे नेम गावानं पाळलेले होते. उपकार झाले असं म्हणायचं नाही. पैसा-सुपारी द्यायची नाही. आपल्याकडे निघताना येतो म्हणतात, पण या ओट्यावरून उतरताना जातो म्हणायचं, नाहीतर चावा परत येतो. आणि उतरून गेलेल्याला मागून हाक मारायची नाही, नाहीतर उतरलेलं सगळं पुन्हा चढतं. हे नेम कुणी घातले कोण जाणे. मोठ्या मायच्या आधी तिची सासू हे करायची, तिच्या काळापासूनचे असावेत.

माझ्या आयुष्याला वळण लागलं ते एका वेळ अमावस्येला. आमच्या लातूरकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर यांच्यावर सगळ्या गावानं तुटून पडायचं. एकमेकांच्या कोपीवर जाऊन जेवायचं. लातूरला राहणारे पाहुणेसुद्धा जीपगाड्या करून येतात. मी आठवडाभर त्या भज्जीची वाट बघत होते, आणि नेमकी त्याच सकाळी माझी पाळी आली. म्हणजे मी बाहेरची. शेतातल्या पूजेला जायचं नाही, कशाला शिवायचं नाही. चौदा वर्षांची होते मी. मोठ्या मायनं परसात पोतं अंथरून दिलं, म्हणाली, "फिकीर करू नको, दुपारी तुज्या वाटंची भज्जी घिऊन मीच येते," आणि सगळी टोपल्या डोक्यावर घेऊन निघून गेली. त्या दिवशीचा गावाचा शांतपणा मला अजून ऐकू येतो. कुत्रीसुद्धा शेतात गेली होती.

ऊन चढल्यावर दारातून हाक आली. अनुसया वहिनी होती, पलीकडच्या गल्लीतल्या घरची सून. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. ती देवणीची, माहेरी गोठाभर बैल, आणि आमच्या गावात आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिनं उधळलेला गोऱ्हा वेसण धरून थांबवला होता. तेव्हापासून आम्हा मुलींची ती लाडकी. त्यांच्या कोपीशेजारच्या चिंचेला मोहळ होतं, चुलीचा धूर गेला आणि माश्या उठल्या. बाकीचे घोंगड्याखाली घुसले, हिला दोन चावल्या, कोपराच्या वर. सासू म्हणाली, मोठी माय घरी पोरीला जेवू घालायला गेली असंल, जाऊन ये. ती चालत आली होती. "मोठी माय कुठाय गं विमल? लई आग व्हायलीय." मोठी माय अजून आली नव्हती.

मी काय करायला हवं होतं? दूर उभं राहून मोठी माय येईल तोवर बस म्हणायला हवं होतं. पण मला सगळं येत होतं ना! हजारदा पाहिलेलं. परसातून आले, तिचा दाबलेला हात सोडवला, नखानं दोन्ही काटे खरवडले. साबणानं धुतलं, ओलं फडकं ठेवलं. देवापुढच्या हळदीला मात्र हात लावायची छाती झाली नाही, चुलीजवळच्या डब्यातलीच लावली. आणि मग मला एकदम भान आलं की मी तिला शिवलेय. रांजणाला शिवलेय. डब्याला शिवलेय. सणाच्या दिवशी. कुठल्याही क्षणी परसदारातून कुणीतरी येईल आणि हे बघेल. म्हणून मी तिला तिसरा प्रश्न विचारला नाही, वरण चढवलं नाही, ओट्यावर बसवलंही नाही. "बरी हाईस वहिनी, जा," मी घाईघाईनं मोठ्या मायच्या सुरात म्हणाले. ती हसली. "जाते," म्हणाली आणि उतरली.

मी दारात उभी राहून बघत होते. चार घरं ओलांडली असतील, ती तळहात खाजवायला लागली. आधी एक, मग दुसरा. मग पदर मानेपासून सैल केला. मारुतीच्या पारापाशी थांबली आणि दगडाला हात टेकला. मला कळत होतं की हे बरं नाही. पण ती जाते म्हणून उतरली होती आणि मागून हाक मारायची नव्हती. मारली तर चढेल. मी उंबऱ्यात ओठ दाबून उभी. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. दहा मोजण्याइतका असेल, शंभर मोजण्याइतका असेल. त्या वेळाबद्दल मी स्वतःला पूर्ण माफ केलेलं नाही, आणि आता या वयात करीन असंही वाटत नाही.

तेवढ्यात परसदाराची कडी वाजली. मोठी माय भज्जीचा डबा घेऊन आली होती. न्हाणीपाशी ओलं फडकं बघून तिनं विचारलं, "कोण आलतं?"

"अनुसया वहिनी. मधमाशी. मी काटा काढला."

"बसवलीस का?"

"न्हाई."

"आधी चावली व्हती तवा काय झालतं, इचारलंस?"

"न्हाई."

डबा तिच्या हातातून खाली ठेवला गेला की पडला हे मला आठवत नाही, पण नंतर भज्जी परसात सांडलेली होती. ती धावत दारात आली, एकदाच पाराकडं पाहिलं आणि गावच्या त्या रिकाम्या गल्लीत, सगळे नेम ठाऊक असलेली ती बाई, छाती फुटेस्तोवर ओरडली, "अनुसया! थांब! माघारी बग!" अनुसया वहिनी वळली. ओठ सुजले होते, डोळे मिटत चालले होते. वळता वळता ती पारावर खाली बसली.

"शाळेपशी लातूरवाल्यांची जीप उभी हाय. पळ," मोठी माय मला म्हणाली, आणि स्वतः पाराकडं धावली. मी पळाले. शाळेमागच्या शेतात पाहुणे कोपीपुढं जेवायला बसले होते. बांधावर येऊन माझे पाय थांबले, पूजेच्या शेतात मला जायचं नव्हतं. मी बांधावरूनच जीव तोडून ओरडले. एक माणूस भरल्या हातानं उठला, धोतराला हात पुसत जीपकडं पळाला. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. त्याच्या अर्ध्या ताटाचं ऋण माझ्यावर आहे.

आम्ही पोचलो तोवर शेतांतून चार-दोन बाया जमल्या होत्या. एक तांब्या घेऊन पाणी पाजायला निघालेली, तिला मोठ्या मायनं हात आडवा केला, "गिळता यीना तिला, छातीत जाईल." अनुसया वहिनीचा श्वास बारीक शिटी वाजवत होता. तिला मागच्या बाकावर टेकवून बसवलं. मी बाजूला उभी होते. तेवढ्यात मोठी माय मला म्हणाली, "चढ वर." बायांत कुजबुज झाली. ती बाहेरची हाय, सणाचं, पाहुण्याच्या गाडीत... मोठ्या मायनं माझा दंड धरला आणि सगळ्यांदेखत आत ओढलं. "काटा हिनं काढलाय. किती चावल्या, कुठं चावल्या, कवा चावल्या, डाक्टरला कोण सांगणार? तू?"

रेणापूरपर्यंत ती अनुसया वहिनीची पाठ चोळत होती आणि तिच्याशी बोलत होती, बैलांबद्दल, देवणीच्या बाजाराबद्दल, झोपू नको म्हणून. मी रडत होते. मध्येच ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "माज्या चुलत्याला पहिल्यांदा चावली तवा नुसत्या अंगभर गांधी उठल्या. दुसऱ्या वर्षी एकच चावली. हळद लावून आमी त्येला घरी लावून दिलं. वाटंतच गेला." तेव्हा मला तिसरा प्रश्न कळला, आणि वरण कळलं. हळदीच्या गुणासाठी कुणी बसत नव्हतं. ती चेहरे बघत होती.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून सगळं नीट निघालं. दोन माश्या, कोपराच्या वर, सूर्य डोक्यावर यायच्या थोडं आधी, मग तळहाताला खाज, मग ओठ. त्यांनी बोलता बोलताच मांडीत सुई टोचली. थोड्या वेळानं ती शिटी बारीक होत होत थांबली आणि अनुसया वहिनीनं डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल तर, "भज्जी संपली का?" मोठी माय तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून हसली की रडली, मला दिसलं नाही. रात्रभर त्यांनी वहिनीला तिथंच ठेवून घेतलं. नीट सावरल्यावर तिनं सांगितलं की माहेरी एकदा चावली होती, तेव्हाही अंगावर गांधी उठल्या होत्या. कुणी विचारलंच नाही म्हणून ती बोलली नव्हती.

गावात बोलणं झालंच. अर्धं माझ्यावर, बाहेरचीनं हात लावला म्हणून चढलं. अर्धं मोठ्या मायवर, मागून हाक मारली, आता हिच्या हाताचा गुण गेला. दुसऱ्या दिवशी ओट्यासमोर पाच-सहा बाया असताना माझ्या चुलत आजीनं विषय काढला. मी आत भाकरीच्या परातीमागं लपले. मोठी माय शेंगा फोडता फोडता म्हणाली, "विमीनं काटा काढला म्हणून ती पोर दवाखान्यापत्तोर टिकली. काढलं ते बरंच केलं तिनं. बसवलं न्हाई, ते चुकलं, आन् ते मी तिला सांगितलंय. आन् गुण गेला म्हणता तर जाऊ द्या. माणूस ऱ्हायलं."

नर्सिंगच्या शिक्षणात मी पुढं शिकले की काट्यातलं विष पहिल्या काही क्षणांतच अंगात उतरतं. अनुसया वहिनी शेतातून आमच्या दारात चालत येईपर्यंत काटा काढून फारसा उपयोग उरलेला नव्हता. म्हणजे मोठ्या मायचं ते वाक्य शास्त्रात बसत नाही. मोहळवाल्याची लेक ती, काटा झटकन काढायचा असतो हे तिनंच मला शिकवलेलं. तिला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. चौदा वर्षांच्या पोरीला आपल्या हाताची भीती बसू नये म्हणून ती पाच-सहा बायांसमोर धडधडीत खोटं बोलली. त्या खोट्यावर मी तीस वर्षं नोकरी केली. किती लेकरांना सुया टोचल्या, किती बाळंतपणं पाहिली, आणि पाळीत मी कधी सुट्टी घेतली नाही.

ओट्यावर काही महिने कुणी फिरकलं नाही. मग पहिली कोण आली, तर अनुसया वहिनीची सासू, गांधीलमाशीनं गाल सुजवलेला, शिव्या देत. मोठ्या मायनं तीनही प्रश्न विचारले आणि वरण चढवलं.

मोठी माय शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी नांदेडला होते. सुट्टी मिळेल तशी यायचे, आणि पुढची बस, पुढची ड्युटी म्हणून पळायचे. शेवटच्या खेपेलाही तासाभरात निघाले. तिच्या उपकारांबद्दल एक शब्द बोलले नव्हते, तिच्यासमोर बोलायची रीतच नव्हती. पिशवी उचलली, ओटा उतरले, दोन घरं पुढं गेले, आणि मागून हाक आली. आवाज फाटलेला, पण तोच. "विमे! थांब!" त्या घरातून मागून मारलेली हाक मी आयुष्यात दोनदाच ऐकली. परत गेले. ती म्हणाली, "घाईत हाईस. बस जरा." चुलीवर धाकट्या भावजयीनं वरण ठेवलं होतं. मी बस सोडली आणि तिच्या बाजेशी बसले. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती, डोळे, ओठ, गळा, पुन्हा डोळे, ओट्यावर आलेल्या प्रत्येकाकडं बघायची तशी. आतून डाळ घोटल्याचा आवाज आला.

"बरी हाईस," ती म्हणाली. "जा आता."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि "येते" म्हणाले. तिनं मला टोकलं नाही.